फॉरवर्ड आला की आधी त्याचं मूळ शोधा: फोनवरच करता येणारी तपासणी, सविस्तर

२०१८ च्या उन्हाळ्यात एक व्हिडिओ आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक गावाच्या ग्रुपवर येऊन गेला, बऱ्याच जणांना आठवत असेल. गल्लीत पोरं खेळतायत, मोटरसायकलवर दोघं येतात, एक पोरगं उचलतात आणि सुसाट निघून जातात. खाली लिहिलेलं की मुलं पळवणारी टोळी आपल्या भागात आलीये, सगळ्यांना कळवा. आता हा व्हिडिओ कुणी कॉम्प्युटरवर बनवलेला नव्हता. कराचीतल्या रोशनी हेल्पलाइन नावाच्या संस्थेने पालकांनी सावध व्हावं म्हणून केलेली ती छोटी फिल्म होती आणि मूळ फिल्ममध्ये ते दोघं लगेच परत येतात, पोराला खाली उतरवतात आणि एक फलक दाखवतात. कुणीतरी शेवटचा तेवढाच भाग कापला आणि बाकीचा आपल्याकडे सोडून दिला.

याच अफवांच्या लाटेत १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात बाजाराच्या दिवशी पाच माणसं मारली गेली. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, मंगळवेढ्याकडून आलेली, भिक्षा मागून पोट भरणारी माणसं. पोरं पळवणारे म्हणून जमावाने त्यांना मारलं. त्याच रात्री मालेगावात आणखी पाच जणांना, त्यात एक लहान मूल, जमावाने घेरलं होतं, ते पोलिसांमुळे वाचले.

मी हे सुरुवातीलाच लिहितोय कारण मीडिया साक्षरता म्हटलं की लोकांना तो शाळेतला कंटाळवाणा विषय वाटतो, आणि दुसरं म्हणजे हल्ली सगळी चर्चा एआय आणि डीपफेकवरच, म्हणजे एआयने हुबेहूब बनवलेल्या खोट्या व्हिडिओ-आवाजावरच चालते. एआय आलंय, ते गंभीर आहे, त्यावर खाली लिहिलंयच. पण आपल्याला रोज फसवणारा बहुतेक माल आजही खराच असतो, फक्त त्याची तारीख बदललेली असते, नाहीतर गाव बदललेलं असतं, नाहीतर शेवट कापलेला असतो. म्हणून फोटो डोळ्यासमोर धरून हा खरा वाटतो का खोटा यावर विचार करत बसू नका, हे मुळात कुठून आलं, कधी आलं आणि आधी कोण बोललं एवढं शोधा. टेक्नॉलॉजी कितीही बदलली तरी हा प्रश्न चालतो, आणि त्याचं उत्तर बऱ्याचदा पाच मिनिटांत फोनवरच मिळतं. कसं ते आता एकेक करून बघू.

आधी मेसेज नक्की काय म्हणतोय ते एका वाक्यात काढा

फॉरवर्डमध्ये दहा ओळी असतात, त्यात तपासता येईल असं वाक्य एखादंच असतं, बाकी सगळं भीती, राग, अभिमान किंवा फुकट मिळण्याची आशा. आधी ते एक वाक्य वेगळं काढा. कोण, काय, कुठे, कधी. यातलं "कधी" बहुतेक वेळा गायब असतं, त्याऐवजी "आज सकाळी", "नुकतेच", "आत्ताची मोठी बातमी" असं असतं, आणि असा मेसेज तीन वर्षांनी परत फिरवला तरी तो "आज सकाळचा"च राहतो.

कोल्हापूरकडचं उदाहरण घेऊ, कारण दर पावसाळ्यात हे ठरलेलंच आहे. समजा मेसेज आला की राधानगरी धरणाचे सगळे दरवाजे उघडले, एक लाख क्युसेक पाणी सोडलं, रात्रीत कोल्हापूर पाण्याखाली जाणार, सोबत दरवाज्यांतून धो धो पाणी पडतानाचा व्हिडिओ. यातलं तपासायचं वाक्य कुठलं? एक लाख क्युसेक. राधानगरीला स्वयंचलित दरवाजे सात आहेत, पाणी ठराविक पातळीला गेलं की ते आपोआप उघडतात आणि एका दरवाज्यातून १४२८ क्युसेक पाणी जातं. सातही उघडले तरी हिशोब दहा हजाराच्या आसपास येतो. म्हणजे एक लाखाचा आकडा इथेच पडला, त्यासाठी कुठलं ॲप लागलं नाही. बरं, राधानगरी भोगावतीवर आहे, पंचगंगेत कासारी, कुंभी, तुळशी यांचंही पाणी येतं, त्यामुळे एका धरणाच्या दरवाज्यावरून शहराचं काय होणार ते ठरत नाही. त्यासाठी बघायची ती राजाराम बंधाऱ्याची पातळी, तिथे ३९ फूट इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी. सांगलीकरांसाठी आयर्विन पूल, तिथे ४० आणि ४५. जिल्हा प्रशासनाची खरी माहिती कशी असते ते एकदा नीट बघून ठेवा: किती वाजताची पातळी, फूट आणि इंच, कुठल्या नंबरचा दरवाजा उघडला, विसर्ग किती. मेसेजमध्ये वेळ नाही, दरवाज्याचा नंबर नाही, नुसतं "सर्व" आणि "प्रचंड" असेल तर तो कंट्रोल रूममधून आलेला नाही.

पण एक सांगतो, नदीकाठी राहत असाल आणि शंका असेल तर तपासणी नंतर, आधी सामान वर हलवा आणि १०७७ ला फोन लावा, तो जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा नंबर आहे. २०१९ आणि २०२१ चा पूर ज्यांनी बघितलाय त्यांना हे सांगायला लागत नाही. तपासायचं ते पुढे पाठवण्यासाठी, जीव वाचवायला तपासणीची वाट बघू नका.

मेसेजच्या आत बसून तपासू नका, बाहेर पडा

अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी २०१७ मध्ये एक अभ्यास मांडला. इतिहासाचे प्राध्यापक, विद्यापीठातले विद्यार्थी आणि व्यावसायिक फॅक्ट चेकर यांना अनोळखी वेबसाइट दिल्या आणि कोण कसं तपासतं ते बघितलं. प्राध्यापक आणि विद्यार्थी त्या साइटवरच वर खाली करत राहिले, लोगो बघितला, भाषा बघितली, "आमच्याविषयी" वाचलं, आणि पुष्कळदा फसले. फॅक्ट चेकर मात्र काही सेकंदांत साइटवरून बाहेर पडले, नवीन टॅब उघडले आणि या संस्थेबद्दल बाकीचे काय म्हणतात ते शोधलं. शिकलेल्या माणसालाही हे शिकावंच लागतं, नुसत्या हुशारीवर होत नाही.

तर करायचं असं. मेसेजमधले दोनतीन नेमके शब्द घ्या, म्हणजे गावाचं नाव, योजनेचं नाव, आकडा, आणि गुगलवर टाका, पुढे "फॅक्ट चेक" जोडा. मराठीत नाही सापडलं तर हिंदीत टाका, मग इंग्रजीत, कारण आपल्याकडे येणारे बरेच फॉरवर्ड हिंदीतून भाषांतर होऊन येतात आणि त्यांची तपासणी आधीच तिकडे झालेली असते. "जन गण मन ला युनेस्कोने जगातलं सर्वोत्तम राष्ट्रगीत म्हणून निवडलं" हा मेसेज किती वर्षं फिरतोय, तो खोटा आहे, युनेस्को असली निवड करतच नाही. पण म्हणून युनेस्कोचं नाव दिसलं की खोटंच असंही धरू नका. ११ जुलै २०२५ ला शिवाजी महाराजांचे बारा किल्ले, अकरा आपल्याकडचे आणि तमिळनाडूतला जिंजी, जागतिक वारसा यादीत गेले, ती बातमी शंभर टक्के खरी. फरक कुठे कळतो? युनेस्कोच्या स्वतःच्या वारसा यादीत जाऊन बघितलं की बारा किल्ल्यांची नोंद तिथे दिसते, राष्ट्रगीताचं काहीच दिसत नाही.

एखादी मोठी घटना खरंच घडली असेल तर ती एकाच यूट्यूब चॅनलला कळली आणि बाकी कुणालाच नाही असं सहसा होत नाही. दोन वेगळ्या वर्तमानपत्रांत किंवा चॅनलवर बघा, पण दोघांनीही एकाच व्हायरल व्हिडिओचा हवाला दिला असेल तर ते दोन सोर्स धरायचे नाहीत, तो एकच झाला. आणि चॅनलच्या लोगोसकट येणारी ती चौकोनी ग्राफिक प्लेट, तिच्यावर अजिबात विश्वास टाकू नका. एबीपी माझा, लोकसत्ता, सकाळ, कुणाचाही लोगो लावून प्लेट बनवायला मोबाइलवर दोन मिनिटं लागतात. त्या चॅनलच्या अधिकृत पेजवर त्या तारखेला तीच प्लेट आहे का बघा. अक्षराचं वळण नेहमीपेक्षा वेगळं असणं, जोडाक्षरं तुटलेली असणं, नेत्याच्या नावाच्या शुद्धलेखनात चूक, या खुणा मदत करतात, पण निकाल अधिकृत पेजवरच लावायचा.

फोटो असेल तर

हे सगळ्यात सोपं आहे आणि तरी फार कमी लोक करतात. व्हॉट्सॲपवर आलेला फोटो सेव्ह करा किंवा स्क्रीनशॉट काढा. अँड्रॉइडवर गुगल फोटोजमध्ये तो उघडला की खाली लेन्सचं बटण असतं, आयफोनवर गुगल ॲप उघडून सर्चच्या पट्टीतला कॅमेरा दाबा आणि फोटो निवडा. फोटोवर एक चौकट येते. फोटोभोवती कुणी मजकूर लिहिला असेल, लाल गोल काढले असतील तर चौकट लहान करून फक्त मूळ चित्रावर आणा. मग खाली येणाऱ्या निकालांत "एक्झॅक्ट मॅचेस" बघा, म्हणजे दिसायला सारखे फोटो गळून अगदी तोच फोटो कुठे कुठे आहे ते येतं. त्यात सगळ्यात जुनी तारीख शोधा. इथे लोक पहिला निकाल बघून थांबतात, तसं करू नका, पहिला निकाल नेहमी जुना असतोच असं नाही. टिनआय नावाची साइट आहे, तिथे निकाल "सगळ्यात जुना आधी" असे लावता येतात.

कालच्या दंगलीचा म्हणून आलेला फोटो पाच वर्षांपूर्वीच्या बातमीत सापडला की विषय संपला, पुढे काही तपासायची गरज नाही. पण काहीच सापडलं नाही तर? त्याचा अर्थ फोटो खरा असा होत नाही. मग फोटोच्या आत बघा: दुकानाची पाटी कुठल्या लिपीत आहे, गाडीच्या नंबरप्लेटवर एमएच आहे का दुसरं काही, एसटी कुठल्या राज्याची, पोलिसांचा गणवेश कसा, माणसं स्वेटर घालून आहेत आणि मेसेज म्हणतोय मे महिना. पाटीवर दुकानाचं नाव वाचता आलं तर ते गुगल मॅप्सवर टाका. मुंबई, पुणे, नाशिक, अहिल्यानगर इथे २०२२ पासून स्ट्रीट व्ह्यू आहे, रस्त्यावर उभं राहिल्यासारखं बघून जागा जुळवता येते. हे काम करायला मजा येते, घरातल्या कॉलेजच्या पोरांना द्या, ती चटकन शिकतात.

व्हिडिओ असेल तर

व्हिडिओ सरळ सर्च करता येत नाही, म्हणून चालू करायचा, जिथे चित्र स्पष्ट आहे आणि काहीतरी वेगळं दिसतंय, इमारत, पूल, पाटी, तिथे थांबवायचा आणि स्क्रीनशॉट काढून वरचीच पद्धत लावायची. तीनचार ठिकाणचे स्क्रीनशॉट घ्या, सुरुवातीचा एक घ्याच. कॉम्प्युटर असेल तर क्रोममध्ये इनव्हिड नावाचं एक्स्टेन्शन मिळतं, ते व्हिडिओचे तुकडे आपोआप काढून देतं, पत्रकार तेच वापरतात.

मग आवाज बंद करून एकदा बघा आणि स्क्रीन न बघता नुसता आवाज एकदा ऐका. बंद करून बघितलं की वरून टाकलेलं दुःखी संगीत किंवा घोषणा बाजूला पडतात. नुसतं ऐकलं की मागे माणसं कुठल्या भाषेत बोलतायत ते लक्षात येतं. गाड्या रस्त्याच्या उजवीकडून चालल्या असतील तर ते भारतातलं नाही, किंवा व्हिडिओ आरशासारखा उलटा केलाय, आणि उलटा केला असेल तर पाट्यांवरची अक्षरंही उलटी दिसतील. कराचीच्या फिल्मवरून शिकण्यासारखं हे की व्हिडिओ अचानक तुटत असेल, ऐन प्रसंगाच्या मध्येच संपत असेल, तर पुढे काय होतं ते शोधल्याशिवाय मत बनवू नका. भाषणांच्या क्लिपचंही तेच, अकरा सेकंदांची क्लिप आली तर त्या नेत्याचं पूर्ण भाषण यूट्यूबवर असतं, तारीख आणि गाव टाकून ते काढा आणि त्या वाक्याच्या आधीची दोन मिनिटं आणि नंतरची दोन मिनिटं ऐका. तो नेता आपल्या आवडीचा असो नसो. नावडत्या नेत्याच्या क्लिपला आपण तपासणीशिवाय सोडतो, तिथेच सगळ्यात जास्त फसतो.

मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्षाच्या त्या चार दिवसांत काय काय फिरलं ते आठवा. आर्मा ३ नावाच्या व्हिडिओ गेममधली दृश्यं खरी लढाई म्हणून फिरली, २०२० च्या बैरुत स्फोटाचा व्हिडिओ आपल्याकडच्या मिसाइल हल्ल्याचा म्हणून फिरला. गेममधली दृश्यं ओळखायला एक खूण असते, सगळं अंधारात, लांबून, धूसर, आणि माणसाचा आवाज जवळजवळ नाही. पण खुणा पाठ करण्यापेक्षा स्क्रीनशॉट सर्चला टाकणं लवकर होतं.

सरकारी कागद असेल तर

इथे जरा जास्त वेळ देतो, कारण यात लोकांचे पैसे आणि हेलपाटे जातात. जीआरचा फोटो आला की लोक शिक्का आणि सही बघतात, ते पुरेसं नाही. महाराष्ट्र शासनाचा जीआर शेवटून वाचा. शेवटी एक ठरलेलं वाक्य असतं की सदर शासन निर्णय शासनाच्या संकेतस्थळावर उपलब्ध करण्यात आला असून त्याचा संकेतांक अमुक आहे आणि हा आदेश डिजिटल स्वाक्षरीने साक्षांकित करून काढण्यात येत आहे. त्याखाली "महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने", मग सही, मग "प्रत" ची लांबलचक यादी आणि त्या यादीत शेवटी बहुतेक वेळा "निवडनस्ती". तो संकेतांक १८ आकडी असतो आणि त्याचे पहिले आठ आकडे म्हणजे वर्ष, महिना, दिवस. कागदावर तारीख एक आणि संकेतांकात दुसरीच असेल तर संशय धरा. मग शासनाच्या जीआरच्या साइटवर जा, ती महाराष्ट्र डॉट जीओव्ही डॉट इन मध्येच आहे, विभाग निवडा, संकेतांक टाका आणि मूळ पीडीएफ उतरवा. फोटोवर अवलंबून राहायचंच नाही.

मूळ जीआर सापडला तरी काम संपत नाही, कारण तो नंतर बदललेला असू शकतो. लाडकी बहीण योजनेचंच बघा, २८ जून २०२४ च्या जीआरमध्ये वयाची अट ६० वर्षांपर्यंत होती आणि अर्जाची मुदत १५ जुलै. काहीच दिवसांत ते ६५ वर्षं आणि ३१ ऑगस्ट झालं. जुना जीआर अस्सल होता, संकेतांक बरोबर होता, आणि तरी तो बघून "आपलं वय ६१, आपलं काही होत नाही" म्हणत घरी बसणाऱ्या बाईचं नुकसानच झालं असतं. म्हणून त्याच विभागात त्याच योजनेच्या नावाने पुढच्या तारखांचे जीआर, शुद्धिपत्रक, परिपत्रक आहेत का बघा. अंगणवाडी सेविका, ग्रामसेवक, तलाठी यांना विचारणं हीसुद्धा तपासणीच आहे, त्यात कमीपणा काही नाही.

लिंक दाबायच्या आधी पत्ता वाचा. सुरुवातीचं https:// सोडून पत्त्यात पुढे पहिला तिरका दांडा (/) येतो त्याच्या लगेच आधी काय आहे ते बघायचं. सरकारी साइट असेल तर तिथे "जीओव्ही डॉट इन" किंवा "एनआयसी डॉट इन" असतं. योजनेचं नाव सुरुवातीला कितीही मोठं लिहिलेलं असू दे आणि शेवटी "डॉट एक्सवायझेड" किंवा "डॉट कॉम" असेल तर आधार, बँक, ओटीपी काहीही टाकू नका. आणि लिंकऐवजी फाइल आली, नावाच्या शेवटी "एपीके", मग ती लग्नाची पत्रिका असो, आरटीओचं चलन असो, पीएम किसानची यादी असो, ती उघडायची नाही. पत्रिका फोटो किंवा पीडीएफ म्हणून येते, तिला ॲप इन्स्टॉल करायला लागत नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा, जितक्या लवकर कराल तितकी रक्कम पुढे जायच्या आधी गोठवण्याची शक्यता जास्त.

आता एआय

जानेवारी २०२४ मध्ये सचिन तेंडुलकर एका गेमिंग ॲपची जाहिरात करतोय असा व्हिडिओ फिरला, आवाज त्याचा, चेहरा त्याचा. त्याने स्वतः एक्सवर, म्हणजे पूर्वीच्या ट्विटरवर, लिहून हा खोटा आहे म्हणून सांगितलं. एप्रिल २०२४ मध्ये एनएसईला, म्हणजे राष्ट्रीय शेअर बाजाराला, निवेदन काढायला लागलं की आमच्या प्रमुखांचे शेअरच्या टिप्स देतानाचे व्हिडिओ बनावट आहेत. तेव्हा सांगायचे की बोटं मोजा, पापण्या लवतात का बघा, ओठ आणि शब्द जुळतात का बघा. बघायला हरकत नाही, पण आता या खुणा दर काही महिन्यांनी गायब होत चालल्यात, आणि मराठी आवाजही चांगला नक्कल होतो. जी खूण आज शिकाल ती उद्या उपयोगी पडेलच असं नाही.

त्यामुळे परत तोच प्रश्न, हे मुळात कुठून आलं. तेंडुलकरने खरंच एखादं ॲप सांगितलं असतं तर ते त्याच्या अधिकृत अकाउंटवर असतं. कुणी शेअरच्या टिप्स देत असेल तर चेहरा बघू नका, शेअर बाजारावर नियंत्रण ठेवणाऱ्या सेबीचा नोंदणी क्रमांक मागा, गुंतवणूक सल्लागाराचा आयएनए ने आणि रिसर्च ॲनालिस्टचा आयएनएच ने सुरू होतो, तो सेबीच्या साइटवर टाका. भाच्याचा रडवेला आवाज फोनवर आला, अपघात झालाय, पैसे पाठव मामा, तर फोन ठेवा आणि त्याच्या नेहमीच्या नंबरवर स्वतः लावा, नाही लागला तर ताईला लावा. व्हिडिओ कॉलवर वर्दीतला माणूस म्हणाला की तुम्हाला डिजिटल अरेस्ट केलंय, तर असला कुठलाही प्रकार कायद्यात नाही, कॉल कट करा आणि १९३० ला कळवा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना हे एवढं तरी सांगून ठेवाच.

संशयास्पद ऑडिओ-व्हिडिओ तपासून घ्यायला भारतात डीपफेक्स ॲनालिसिस युनिट आहे, मार्च २०२४ पासून त्यांची व्हॉट्सॲपवर सेवा आहे. नंबर मुद्दाम इथे देत नाही, त्यांच्या साइटवरून घ्या, कारण मदतीचे नंबर फॉरवर्डमधून घेणं हाच लोकांना लुटण्याचा एक मोठा रस्ता झालाय.

चॅटबॉटला, म्हणजे प्रश्नांना उत्तरं देणाऱ्या एआयला विचारून खरं-खोटं ठरवणं हल्ली फार वाढलंय. करू नका असं म्हणत नाही, पण तो ठामपणे चुकीचं सांगू शकतो. मे २०२५ मध्येच एक्सवरच्या ग्रोक नावाच्या चॅटबॉटने सुदानमधल्या खार्टूम विमानतळाचा जुना व्हिडिओ पाकिस्तानच्या नूर खान हवाई तळावरचा हल्ला म्हणून सांगितला होता. चॅटबॉटकडे शोधायचे शब्द मागा, लिंक मागा, मग ती लिंक स्वतः उघडा आणि त्यात ते खरंच लिहिलंय का वाचा.

आणखी एक जे लोकांच्या लक्षात येत नाही. एआय आल्यामुळे खरा व्हिडिओसुद्धा "एआयने बनवलाय" म्हणून झटकता येतो, आणि ते करणाऱ्यांची संख्या वाढत जाणार. तिथेही नियम तोच ठेवा. एआय आहे म्हणणाऱ्यालाही पुरावा विचारा, मूळ रेकॉर्डिंग कुणी केलं, तिथे दुसरं कोण होतं, दुसऱ्या कोनातून कुणी शूट केलंय का.

फॅक्ट चेक करणाऱ्यांकडे बघायचं कसं

मुंबईचं बूम, अल्ट न्यूज, फॅक्टली ही नावं आहेत, मराठीत वाचायचं तर फॅक्ट क्रेसेंडो आणि न्यूजचेकरची मराठी पानं आहेत. त्यांनी नुसतं "खोटं" म्हटलंय म्हणून मान्य करू नका, त्यांनी मूळ फोटोची लिंक आणि तारीख दिलेली असते ती उघडा, ती उघडून पटत असेल तरच पुढे. पीआयबी फॅक्ट चेक हा केंद्र सरकारचा विभाग आहे. अमुक योजना आहे का, अमुक पत्र मंत्रालयाने काढलं का, यासाठी तो उपयोगी, कारण कागद त्यांच्याच घरचा असतो. पण सरकारवर टीका करणारी बातमी खरी की खोटी हे सरकारनेच ठरवणं वेगळं. आयटी नियमांत तसा अधिकार देणारी दुरुस्ती केंद्राने २०२३ मध्ये केली होती, ती मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द केली.

आणि घरच्या ग्रुपवर काय करायचं

माझ्या मते सगळ्यात अवघड काम हेच आहे. तपासणी येते, पण काकांना चारचौघांत खोटं पाडलं की काका दुखावतात आणि पुढचा फॉरवर्ड आणखी जोराने येतो. म्हणून ग्रुपवर वाद नको, आधी वैयक्तिक मेसेज, आणि शक्य असेल तर फोन. काय लिहायचं ते नेमकं ठेवा: "काका, तो पुराचा व्हिडिओ २०१९ चा आहे, ही तेव्हाच्या बातमीची लिंक. आजची पातळी जिल्हा प्रशासनाच्या पेजवर आहे, ती पण पाठवतो. ग्रुपवर तुम्हीच टाकाल का, तुमचं सगळे ऐकतात." यात काकांचा मान राहतो आणि दुरुस्ती त्यांच्याच हाताने होते. लिंक एकच द्या, पाच दिल्या तर एकही उघडली जात नाही. लेख मोठा असेल तर त्यातल्या मुख्य भागाचा स्क्रीनशॉट जोडा, कारण बऱ्याच जणांचा डेटा संपलेला असतो किंवा लिंक दाबायची भीती वाटते, आणि ती भीती चांगलीच आहे.

मेसेजच्या वर दुहेरी बाण असेल तर तो पाच किंवा जास्त वेळा पुढे पुढे जात आलाय, म्हणजे पाठवणाऱ्या काकूंना तो कुणी लिहिला ते माहीत असणं जवळजवळ अशक्य. असा मेसेज एका वेळी एकाच चॅटला फॉरवर्ड करता येतो, हा अडसर व्हॉट्सॲपने एप्रिल २०२० मध्ये घातला. पण कुणी कॉपी-पेस्ट केलं किंवा स्क्रीनशॉट टाकला की बाण दिसतच नाही, त्यामुळे बाण नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. "कुणी पाठवलं" असं विचारण्याऐवजी "तुम्ही स्वतः बघितलंत का, का कुणाकडून आलंय" असं विचारा, या प्रश्नावर बरीच माणसं स्वतःच थांबतात.

जात, धर्म, मुलं पळवणं, दंगल, विषबाधा, असं काही असेल तर मात्र वैयक्तिक मेसेजची वाट बघू नका, तिथे तास महत्त्वाचे असतात. ग्रुपवर लगेच एवढंच लिहा की हे तपासलेलं नाही, पुढे पाठवू नका, आणि जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा ११२ ला कळवा. गावात कुणी अनोळखी फिरताना दिसलं तरी फोन पोलिसांना करायचा, फोटो काढून ग्रुपवर टाकायचा नाही. तुम्ही ॲडमिन असाल तर ग्रुपमधला कुणाचाही मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करता येतो: मेसेजवर बोट दाबून धरा, डिलीट, मग "सर्वांसाठी". स्वतः टाकलेला असेल तर साधारण अडीच दिवसांपर्यंत तो असाच काढता येतो, पण नुसता काढू नका. ज्यांनी तोपर्यंत वाचून पुढे पाठवला त्यांना कळायला पाहिजे, म्हणून त्याच जागी एक ओळ लिहा की मघाशी टाकलेला व्हिडिओ जुना आहे, अमुक गावचा, अमुक वर्षाचा, ज्यांनी पुढे पाठवला असेल त्यांनी तिथेही हे सांगा.